मार्चमधलं पाठांतर

मार्च लागला की लालबागेत माणसं शिंकायला लागतात. मसाल्याच्या गल्लीतली कांडपाची यंत्रं सकाळपासून धडधडत असतात, दुकानांपुढे मिरच्यांचे ढीग लागतात, आणि भाजलेल्या धण्या-खोबऱ्याचा तो जड वास पुलाखालून वळसा घेत परळपर्यंत येतो. आम्ही खिडक्या लावून घेतल्या तरी तो पडद्यांत मुक्कामाला राहतो. त्याच दिवसांत इमारतीच्या जिन्यात मुलं पुस्तकं घेऊन बसायला लागतात. घरात टीव्ही, पाहुणे, लहान भावंडं. त्यापेक्षा जिना बरा. परवा ऑफिसातून येताना तिसऱ्या मजल्यावरची मुलगी भिंतीकडे तोंड करून काहीतरी घोकत होती. एका शब्दाशी अडायची, डोळे घट्ट मिटायची, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

मी किल्ली हातात धरून तशीच उभी राहिले. यंदा माझी कसलीही परीक्षा नाही, हे स्वतःला पटवायला मला थोडा वेळ लागला.

गेल्या वर्षी या दिवसांत मी कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होते. वय एकोणपन्नास. दादरच्या एका विमा कार्यालयात माझी अर्धी हयात गेली. अपघातात माणूस गेलेल्या घरांचे दावे माझ्या टेबलावर येतात. समोर बसलेल्या बायका मी सांगितलेलं निम्मंही न समजता मान डोलावून जायच्या. एकदा एक बाई जाताना म्हणाली, मॅडम, तुम्ही आमच्याकडून का नाही बोलत? ती सहज बोलून गेली, पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. मग संध्याकाळच्या कॉलेजात नाव घातलं. पहिली दोन वर्षं निभावली. तिसऱ्या वर्षी डोकं दगा द्यायला लागलं.

आधी नावं गेली. रोज जिच्यासोबत डबा खाते तिचं नाव एका दुपारी जिभेवर येईना, आणि मी तिला ‘अगं’ म्हणून वेळ मारून नेली. फ्रिज उघडून मी थंड हवेत उभी राहायची आणि कशाला उघडला ते कळायचं नाही. गॅस बंद केला की नाही हे बघायला परळच्या नाक्यावरून परत घरी यायची. त्यातच फौजदारी कायदे नवे आलेले. चारशेवीस म्हणजे फसवणूक हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक. ती आता तीनशे अठरा झाली. खुनाचा तीनशे दोन जाऊन तिथे एकशे तीन आला. जुने आकडे माझ्या डोक्यातून हलायला तयार नव्हते आणि नवे टिकायला. पुस्तक चार-चार वेळा वाचायचे, ओळींखाली पिवळ्या पेनने रेघा मारायचे, आणि मिटलं की आत नुसता पिवळा रंग.

एका रविवारी मसाल्यासाठी लालबागेत गेले. आमच्या घरचा मालवणी मसाला आईचा. त्याचं प्रमाण कुठे लिहून ठेवलेलं नाही. लग्न झाल्यापासून दर मार्चमध्ये मी त्या दुकानाच्या फळीसमोर उभी राहून ते एका दमात सांगत आलेय. त्या दिवशी बेडगी, संकेश्वरी, धणे इतकं बोलले आणि पुढे काही नाही. शब्द नाही, चव नाही, वासही नाही. दुकानातल्या बाई ओळखीच्या. सावकाश सांगा, घाई नाही म्हणाल्या. मागे लोक उभे होते. नाकात मिरची गेलेली, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते मिरचीचंच आहे असं वाटावं म्हणून मी रुमाल तोंडाला लावला. बाजूला होऊन दादाला फोन केला.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. माझ्याहून बराच मोठा. मला शाळेत पोचवायला तोच यायचा. काळाचौकीला राहतो, पाणीखात्यातून निवृत्त झालेला. त्याच्या स्मरणशक्तीचा आमच्या सगळ्या वस्तीत दरारा होता. गणपतीत मंडळाच्या मांडवात माइक त्याच्याच हातात. नाटकात कामं केलेल्या पोरांपासून पडदा ओढणाऱ्यापर्यंत सगळ्यांची नावं तो कागद न बघता घ्यायचा, वडिलांच्या नावासकट. त्या दिवशी फोनवर मी नुसतं म्हटलं, दादा, मसाल्यात पुढे काय? त्याने का म्हणून विचारलं नाही. बडीशेप, खसखस, दगडफूल, नागकेशर, चक्रीफूल, जायपत्री, त्रिफळं असं सांगत गेला, वजनासकट, आणि शेवटी म्हणाला, हळकुंड विसरू नकोस. मी त्याच्यामागून दुकानातल्या बाईंना सांगत गेले, लहान मूल मोठ्यांच्या मागून शुभंकरोति म्हणतं तशी.

घरी येताना हातातल्या पिशवीपेक्षा मनावरचं ओझं जड झालं होतं. कारण आईचंही असंच सुरू झालं होतं.

आई शेवटची काही वर्षं दादाकडे होती. तिचीही आधी नावं गेली. मग वस्तू गेल्या. चमच्याला ती ‘ता घेतंत ना, ता’ म्हणायची. मग वेळ गेली. संध्याकाळी पाच वाजले की गिरणीचा भोंगा झाला म्हणून ती बाबांचा चहा टाकायला उठायची. बाबाही नव्हते आणि गिरणीही नव्हती. एका शनिवारी मी गेले, पाया पडले, शेजारी बसले. तिने माझ्या साडीचा पदर बोटांत घेऊन पोत बघितला आणि फार मायेने विचारलं, “तू खयची गो?” मी म्हटलं, परळची. ती म्हणाली, बरं बरं, लांबून इलंस. आणि मला पाणी देण्यासाठी वहिनीला हाक मारली.

त्या दिवसापासून मी स्वतःवर पाळत ठेवून होते. आज कोणाचं नाव गेलं, काल काय गेलं, याची उजळणी करत मी आंघोळ करायची. नवरा म्हणायचा, सगळ्यांनाच होतं गं, मी पण चष्मा शोधतो. त्याचा धीर मला पुरायचा नाही. त्याच्या आईला नव्वदीतही सगळ्यांचे वाढदिवस पाठ होते.

शेवटी हिंदमाताजवळच्या एका डॉक्टर बाईंकडे गेले. त्यांनी आधी डोक्याबद्दल काही विचारलंच नाही. झोप किती, पाळी नियमित आहे का, रात्री घाम येतो का, जेवण काय, एका वेळी किती कामं करता, असं विचारत राहिल्या. मी सांगितलं, पहाटे उठून अभ्यास, मग डबे, ऑफिस, कॉलेज. बसमध्ये एका कानात लेक्चर आणि दुसऱ्या कानात मुलीचा पुण्याहून फोन. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, विसरलेलं नंतर आठवतं का? मी म्हटलं, आठवतं, पण काम संपल्यावर. जिना उतरताना.

“मग ते गेलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “वाट अडलीय. वाटेवर एवढी गर्दी तुम्हीच करून ठेवलीय.”

रक्ताच्या तपासण्या झाल्या. बी-ट्वेल्व्ह बरंच कमी निघालं. पाळी जायच्या वयात बायकांचं असं होतं, झोप बिघडते आणि तिच्यामागून आठवण, हे मला कोणी कधी सांगितलंच नव्हतं. आईलाही कोणी सांगितलं नसणार. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि झोपेचा हुकूम दिला. अभ्यास करून जागण्यापेक्षा अभ्यास करून झोपा, वाचलेलं झोपेत बसतं, असं त्या म्हणाल्या. बाकी काळजीचं कारण नाही, सध्या तरी. ते ‘सध्या तरी’ मी दवाखान्याच्या पायऱ्यांवरून घरी घेऊन आले. बाकीचं सगळं विसरले असते तरी तेवढं लक्षात राहिलं असतं.

परीक्षा तोंडावर होती आणि माझी अभ्यासाची रीत चुकतेय हे मला संबोधीने दाखवलं. संबोधी माझ्याच वर्गातली, पंचविशीची, लोअर परळच्या चाळीत वाढलेली. दिवसा एका कुरिअरच्या ऑफिसात काम करायची. तिच्या घरात कोणी वकील झालेलं नव्हतं. आजोबा आमच्या बाबांसारखेच गिरणीत होते. बुद्धविहाराच्या अभ्यासिकेत बसून ती शिकली. ती मला ताई म्हणायची, आणि ताईला रागवायची तिला अजिबात भीती नव्हती. माझं पिवळ्या रेघांचं पुस्तक बघून ती हसली.

“ताई, हे तू वाचतेयस. आठवत कुठे आहेस?”

मग तिने पुस्तक काढून घेतलं आणि सांग म्हणाली. मला दोन ओळी आल्या. तिसरीला मी पुस्तकाकडे हात केला, तर तिने ते पाठीमागे लपवलं. थांब, ती म्हणाली, त्रास होऊ दे जरा. तो त्रास मी वर्षानुवर्षं टाळत आले होते. पुन्हा वाचणं सोपं असतं. डोळे फिरतात आणि आपल्याला येतंय असं वाटतं. मिटल्या पुस्तकासमोर बसणं म्हणजे काळोख्या खोलीत दिव्याचं बटण चाचपडण्यासारखं. पण एकदा हाताला लागलं की पुढच्या वेळी हात बरोबर तिथे जातो, हे हळूहळू पटायला लागलं.

रविवारी सकाळी आम्ही परळच्या मैदानाच्या कट्ट्यावर बसायचो. आज केलेलं उद्या एकदा बोलून बघायचं, मग मध्ये काही दिवस जाऊ द्यायचे, थोडं विसरायला आलं की पुन्हा बोलायचं. एकाच दिवशी दहादा घोकायचं नाही. बसून पुटपुटायचं नाही, उभं राहून मोठ्याने सांगायचं. क्रिकेट खेळणारी पोरं चेंडू आणायला आली की आमच्याकडे टकमक बघायची. एक बाई हात हलवत हवेला जामिनाच्या अटी समजावतेय. संबोधी म्हणायची, तुझ्या दाव्यावाल्या बायका समोर बसल्यात असं समज आणि त्यांना कळेल असं सांग. जे सांगताना अडेल ते तुला आलेलं नाही. ते खरंच होतं. ज्या कलमावर मी गुळमुळीत बोलायची, ते मला कळलेलंच नसायचं. त्याचा दोष मी उगाच आठवणीला देत होते.

घरातही मी काही गोष्टी बदलल्या. किल्ली, चष्मा, फोन यांना दाराजवळच्या परडीत जागा ठरवून दिली. गॅस बंद करताना तोंडाने म्हणायला लागले, गॅस बंद केला. नवरा पहिल्या दिवशी दचकला, मग सवयीने ‘बरं’ म्हणायला लागला. नव्या माणसाचं नाव कळलं की बोलण्यात लगेच ते एकदा वापरायचं. बसमध्ये नुसतं बसायचं, खिडकीबाहेर बघायचं. कानात काही नाही. पहिल्यांदा त्या शांततेचीच धास्ती वाटली.

तरी कलमांचे आकडे घसरत होते. तेव्हा संबोधीने जागांची युक्ती सांगितली. ओळखीच्या घरात मनातल्या मनात फिरायचं आणि प्रत्येक ठिकाणी एक-एक गोष्ट ठेवायची; मग आठवताना पुन्हा त्याच वाटेने जायचं. मी डोळे मिटून माझ्या फ्लॅटमध्ये फिरून बघितलं. पांढऱ्या भिंती, सरकती कपाटं, सगळं एकसारखं. काही चिकटेना. आणि मग न बोलावता काळाचौकीची आमची चाळ आली. ती पाडून बरीच वर्षं झाली. त्याच जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये आता दादाला घर मिळालंय. पण डोळ्यांपुढे तिचा लाकडी जिना जसाच्या तसा, मधली पायरी दबलेली. पहिल्या दारात तिरोडकर काकू तांदूळ निवडतायत. त्यांच्या सुपात मी फसवणूक ठेवली. पुढच्या दारात गवळी मामा दाढी करायचे. त्यांच्या आरशाला चोरी लटकवली. नळाच्या कोंडाळ्यावर बायकांची भांडणं. तिथे मारामारीची कलमं आयतीच बसली. मला हसू येत होतं. आकडे येत होते.

एका खोलीत कोण राहायचं ते आठवेना म्हणून दादाकडे गेले. तो खुलला. गॅलरीतल्या प्रत्येक बिऱ्हाडाची गोष्ट सांगत सुटला. शेवटून दुसऱ्या खोलीतल्या माणसाने बायकोच्या हट्टापायी माकड पाळलं होतं, ती गोष्ट त्याने त्या दुपारी सांगितली, चहा झाल्यावर पुन्हा सांगितली, आणि मी चपला घालताना आणखी एकदा. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि नजर वळवली. निवृत्त माणूस, त्याला बोलायला कोणी हवं असतं, असं मी मनाशी म्हटलं.

चाळीतली शेवटची खोली आमची होती. तिथे मी काही ठेवू शकले नाही. दार उघडलं की आई दिसायची; माझी धडधाकट आई, चुलीवरच्या खापरीवर खोबरं भाजणारी, मिरचीचा ठसका लागून हसणारी. तिच्या शेवटच्या वर्षांनी माझ्याकडून ही आई हिरावून घेतली होती. किती तरी दिवस मला फक्त पदर चाचपणारी म्हातारीच आठवत होती. त्या मार्चमध्ये खुनाचं कलम ठेवायला जागा शोधता शोधता मी त्या दारापर्यंत गेले आणि ती पाठमोरी दिसली, केसांत अबोलीचा वळेसर माळलेली. मी तिथे बराच वेळ उभी राहिले. खुनाचं कलम मी जिन्याखाली ठेवलं.

परीक्षेचं केंद्र गिरगावात होतं. पहिल्या पेपरला प्रश्न वाचले आणि पाटी कोरी. तोच लालबागचा पांढराशुभ्र रिकामेपणा. पुढच्या बाकावरची संबोधी भराभर लिहीत होती आणि तिची वेणी मानेवर हलत होती. मी पेन खाली ठेवलं. डोळे मिटून श्वास सोडला आणि आकड्यांच्या मागे न लागता जिना चढायला लागले. दबलेली पायरी लागली. तिरोडकर काकूंच्या सुपापर्यंत पोचले तेव्हा हात आपोआप लिहायला लागला होता. सगळं आलं असं नाही. पण पान कोरं राहिलं नाही.

शेवटच्या पेपरला न्यायला येतो असं दादाने आधीच सांगून ठेवलं होतं. दहावीच्या परीक्षेला तो असाच फाटकाशी उभा असायचा. पेपर सुटल्यावर आपण गिरगावात मासे खाऊ, असा बेत होता. मी बाहेर आले. मुलं उत्तरं पडताळत घोळक्यांनी उभी होती. संबोधी मला मिठी मारून गेली. फाटकापाशी गर्दी विरळ झाली, शिपायाने अर्धं दार ओढून घेतलं, तरी दादा दिसेना. फोन केला तर उचलेना. मग उचलला आणि म्हणाला, येतोय, येतोय. त्याच्यामागे फुलवाल्यांचा ओरडा ऐकू येत होता, रोज ऑफिसला जाताना ऐकते तो दादरच्या फुलबाजाराचा. मी विचारलं, तू आहेस कुठे? तो म्हणाला, इथेच गं. त्या ‘इथेच’मध्ये काहीतरी होतं. काळाचौकीहून गिरगाव एका दिशेला, दादरचा फुलबाजार अगदी उलट दिशेला. मी त्याला म्हटलं, आहेस तिथून हलू नकोस, आणि टॅक्सी केली.

टॅक्सीत मला आईचा चेहरा आठवला आणि मी तो बाजूला सारला. पुन्हा आठवला.

पुलाखाली झेंडूच्या ढिगांजवळ तो उभा होता. इस्त्रीचा शर्ट, भांग नीट पाडलेला, हातात सोनचाफ्याची पानात बांधलेली पुडी. येणारे-जाणारे त्याला धक्के देत होते आणि तो प्रत्येकाला वाट करून देत होता. मला बघून त्याचा चेहरा उजळला, मग लगेच पडला.

“तुला फुलं घ्यायला आलो होतो,” तो म्हणाला. “घेतली. आणि मग ती घेऊन कुठे जायचं होतं, ते गेलं डोक्यातून.”

मी म्हटलं, होतं असं दादा, मला तर रोज होतं. त्याने मान हलवली. फुलवाल्याच्या फळीला टेकून तो हळू आवाजात बोलला.

“तुझ्यासारखं नाही, शुभा. आईसारखं. बरेच दिवस झाले.”

वहिनीला माहीत आहे का, मी विचारलं. हो म्हणाला. तिनेच सांगितलं होतं, शुभाची परीक्षा होईपर्यंत काही बोलायचं नाही. मागे आमच्या गल्लीतून घरी येताना तो दोनदा चुकला होता. गणपतीत माइक हातात घेऊन गप्प उभा राहिला होता. लोकांना वाटलं, माइक बिघडला. मसाला बाकी आठवतो, असं म्हणून तो थोडा हसला. जुनं सगळं आठवतं. सकाळचं आठवत नाही.

मी त्याच्या हातातली फुलं घेतली. महिनोन् महिने मी माझ्याच दाराशी पहारा देत बसले होते, आणि ते शेजारच्या दाराने आत शिरलं होतं. त्या क्षणी मला जे वाटलं त्यात भीतीबरोबर, अगदी पुसटशी, सुटकाही होती, आणि तिचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. आम्ही मासे खायला गेलो नाही. दादरलाच एका हॉटेलात बसून त्याने साबुदाणा वडा मागवला आणि मला विचारलं, पेपर कसा गेला? मी सांगितलं. थोड्या वेळाने त्याने पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं, तेवढंच सविस्तर.

मग मोठ्या डॉक्टरांकडे जाणं झालं, मेंदूचे फोटो झाले. जे ऐकायचं नव्हतं ते ऐकलं. मी हट्टाला पेटले. जे मला उपयोगी पडलं ते त्यालाही पडेल असं वाटून मी दर रविवारी काळाचौकीला जायला लागले. सकाळी काय खाल्लंस, सांग. थांब, लगेच मागे वळून वहिनीकडे बघू नकोस, आठव. काल कोण आलं होतं? त्रास होऊ दे जरा, असं मी संबोधीच्याच आवाजात म्हणायची. दादा घामाघूम व्हायचा. एकदा त्याने टेबलावरची बशी सरकवून दिली, ती फुटली, आणि तो लहान मुलासारखा कोपऱ्यात जाऊन बसला. वहिनी तुकडे गोळा करता करता मला म्हणाली, तू जातेस, मग दोन दिवस हे कोणाशी बोलत नाहीत.

दादाच्या डॉक्टरांना हे सांगितलं, माझ्या डॉक्टर बाई वाटेबद्दल काय म्हणाल्या होत्या तेही, तेव्हा ते रागावले नाहीत. तुमचं बरोबर आहे, पण ते तुमच्यासाठी, असं ते म्हणाले. ज्याची वाट नुसती अडलीय त्याने जोर लावावा. ज्याची वाटच खचतेय त्याला धक्का द्यायचा नाही, हात धरायचा.

“त्यांची परीक्षा घेऊ नका,” ते म्हणाले. “ओळखलंत का, असं विचारूच नका. आधी आपणच सांगून टाकायचं.”

परीक्षा हा एकच मार्ग मला माहीत होता. तो सोडायला मला वेळ लागला. आता दादाच्या घरात कपाटांच्या दारांवर आत काय आहे त्याची मोठ्या अक्षरांत चिठ्ठी आहे. भिंतीवर आमचे फोटो आहेत, खाली नावं. रोज सकाळी तो आणि वहिनी एकाच रस्त्याने चालायला जातात, त्याच टपरीवर चहा पितात. त्याला काही आठवत नसेल तर मी ते वाक्यात घालून देते, त्याला कळू न देता. काल शेजारचा नंदू आला होता ना, त्याने आणलेले बोंबील चांगले होते. तो म्हणतो, हो, फार चांगले होते. त्याच्या चेहऱ्यावर शोध नसतो, म्हणून भीतीही नसते. भीती मी माझ्याकडे ठेवून घेतलीय.

निकाल लागला. ज्या पेपराची मला सगळ्यात जास्त खात्री होती, त्यातच मी नापास झाले. हिवाळ्यात तो पुन्हा दिला आणि सुटले. संबोधी पहिल्याच फेरीत पास झाली. आता काळा कोट घालून कोर्टाच्या पायऱ्या चढते आणि मला फोटो पाठवते. मलाही सनद मिळायची आहे. बी-ट्वेल्व्ह वर आलंय, झोप बरी आहे. नावं अजून अडतात. अडली की मी थांबते, आणि बहुतेक वेळा ती येतात. न येणाऱ्या एखाद्या नावापायी मी अजूनही आंघोळीच्या बादलीपुढे उभी असते, पाणी गार होईपर्यंत. आई, मग दादा. पुढचा आकडा कोणाचा, हे कुठल्या पुस्तकात बघता येत नाही.

गेल्या रविवारी काळाचौकीला गेले होते. खाली मुलं मैदानात पुस्तकं घेऊन फेऱ्या मारत होती. वहिनीने दार उघडलं. दादा खिडकीशी बसून शर्टाचं बटण लावत होता, शांतपणे, बोटांनी भोक शोधत. मी समोर जाऊन उभी राहिले.

“दादा, मी शुभा. तुझी धाकटी बहीण. परळहून आलेय.”

त्याने वर बघितलं. बराच वेळ बघत राहिला. मला काहीच विचारायचं नव्हतं, तरी मी उत्तराची वाट बघत होते.

“माहीत आहे गं मला,” तो जरा त्रासून म्हणाला. मग पुन्हा बटणाकडे बघत, हळूच म्हणाला, “पण सांगत जा.”